रुमाल टाकून जमैका

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने परस्पर जमैकाचं बुकिंग करून टाकलं. "आई, पाच दिवस तुम्ही दोघं काहीही करायचं नाही, फक्त पडून राहायचं." मी म्हणलं बरं. पडून राहायला तिथवर कशाला जायला पाहिजे, सोफा आहे की, पण पोरीचं मन मोडवेना. जून महिना होता. १ जूनपासून तिकडे वादळांचा सीझन सुरू होतो त्यामुळे रेट जरा उतरतात म्हणे, आणि उतरलेला रेट म्हणल्यावर मला वादळाचंही काही वाटेना.

चूक एकच झाली. विमानात मी मुलीच्या मेलमधला आकडा बघितला आणि त्याला आधी पाचने भागलं, मग चोवीसने. ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे राहणं, खाणं, पिणं, समुद्र, सगळं एकदाच भरलेल्या पैशात. तर तासाचा जो काही भाव निघाला तो बघून मला कळलं की आता रात्री आठ तास झोपले तरी मीटर चालूच राहणार आहे. त्या क्षणापासून माझी सुट्टी संपली आणि वसुली सुरू झाली.

नवऱ्याचं तसं काही नाही. तो मडगावचा. न्यू जर्सीतल्या नेवार्कहून चार तासात माँटेगो बे आलं, विमान टेकल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, ह्याने खिडकीतून बघितलं, नारळ दिसले, निळं पाणी दिसलं, आणि म्हणाला, "कोलव्याला गेलो असतो की गो." एवढं बोलून तो जो सुशेगाद झाला तो पाच दिवस तसाच. गोव्याच्या माणसाला पडून राहायला शिकवावं लागत नाही, ते त्याला मुंजीतच मिळत असावं. मी इचलकरंजीची. आमच्याकडे चोवीस तास मागाची खडखड, तिथं कोण नुसतं पडलं तर लोक आधी डॉक्टरला फोन करतात.

एअरपोर्टबाहेर रिसॉर्टची व्हॅन. मी सवयीने उजवीकडचं पुढचं दार उघडलं तर आत स्टिअरिंग. इंग्रज १९६२ला गेले पण गाड्या डावीकडूनच चालतात, आपल्यासारख्या, आणि बावीस वर्षं जर्सीत राहून मला आपलंच परकं झालेलं. ड्रायव्हर म्हणाला, "सून कम," आणि गेला. जमैकात सून कम म्हणजे आपलं "आलोच पाच मिनटात". चाळीस मिनटांनी आला. मी चाळीस मिनटांचे पैसे मनात मांडून ठेवले.

रिसॉर्टवर मनगटाला पट्टा बांधला, दवाखान्यात बाळ बदलू नये म्हणून बांधतात तसला. खोलीत टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवलेले, भोवती पाकळ्या. नवरा म्हणाला राहू देत, छान दिसतायत, आणि मग आम्ही पाच दिवस उरलेल्या एका टॉवेलवर काढले कारण हंस मोडायचा धीर कुणालाच होईना.

पण खरी गोष्ट टॉवेलचीच आहे, वेगळ्या टॉवेलची.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नाश्ता करून बीचवर गेलो. शंभरेक आरामखुर्च्या, माणसं वीस, आणि एकही खुर्ची रिकामी नाही. प्रत्येकीवर निळा टॉवेल. कुठं टॉवेलवर पुस्तक, कुठं एक चप्पल, एकच, दुसरी कुठाय देव जाणे. मी दोन मिनटं उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मला माहीत होतं. हे तर मी अकरावीपासून बीकॉमपर्यंत पाच वर्षं केलेलं होतं. इचलकरंजी-कोल्हापूर, सकाळची एस्टी. गाडी स्टँडला लागायच्या आधी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला की सीट आपली. मग माणूस चहा पिऊन येऊ दे, पास काढून येऊ दे, त्या रुमालाला हात लावायची टाप नाही कुणाची. रुमाल नसला तर वही, वही नसली तर छत्री, एकदा एका बाईने खिडकीतून पोरगंच आत सोडलेलं बघितलंय मी. म्हणजे जगभरातले लोक एवढे डॉलर मोजून इथं येऊन शेवटी रुमालच टाकत होते! मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

आता इथं एक अडचण असते. टॉवेल खोपटात मिळतात, कार्ड दिलं की टॉवेल, आणि खोपटं उघडणार आठला. म्हणजे पहाटे टाकायचा तर आदल्या दिवशीचा परत न करता रात्री खोलीत लपवून ठेवायचा. हे मी त्याच दिवशी ओळखलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, आभाळ जेमतेम उजळलेलं, दोन टॉवेल बगलेत मारून खाली गेले तर बदामाच्या झाडाखालच्या दोन्ही खुर्च्या गेलेल्या. त्या दोनच खुर्च्यांना दिवसभर सावली. शेजारी निळी टोपी घातलेली एक म्हातारी बाई, सत्तरीची तरी असेल, हातात टॉर्च, टॉवेलच्या कडा क्लिपांनी खुर्चीला पक्क्या करत होती. क्लिपा घरून आणलेल्या! मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला आणि उद्या पाच असं ठरवलं.

दरम्यान खाण्याची वसुली चालूच होती. मी शाकाहारी, अंडं चालतं. पहिल्या सकाळी बुफेत पिवळीधमक भुर्जी दिसली, मऊ, कांदा-टोमॅटो घातलेली, मी ताटभर घेतली. पहिला घास घेतला आणि घशात खारा मासा. ती भुर्जी नव्हतीच, ॲकी होती, ते त्यांचं राष्ट्रीय फळ आहे, शिजवलं की हुबेहूब अंड्यासारखं दिसतं आणि त्यात खारवलेला मासा घालायची पद्धत. नवऱ्याने माझं ताट शांतपणे ओढून घेतलं आणि संपवलं. म्हणाला, "हांगा म्हाका बरें लागता." लागणारच. मग मी राइस अँड पीज घेतलं, म्हणलं मटारभात असेल, तर नारळाच्या दुधातला राजमा-भात. हे मात्र झकास होतं, पण मग पीज का म्हणायचं? शेवटी एका कोपऱ्यात कॅललू म्हणून हिरवी पालेभाजी होती, खाल्ली, थांबले, परत खाल्ली. माठ! चक्क आपला माठ, लसूण-कांदा घालून परतलेला. अडीच हजार किलोमीटरवर येऊन, म्हणजे इंडियापासून तर किती ते विचारूच नका, मी रोज सकाळी माठाची भाजी खाल्ली आणि तासाच्या भावात ती भाजी मला केवढ्याला पडली हे घरी अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडे पर्समध्ये लसणाच्या चटणीची डबी होती. वाढणाऱ्या पोराने विचारलं हे काय, मी चिमूटभर दिली, त्याने डोळे मिटले, आत गेला आणि किचनमधल्या लोकांसाठी ठेवलेली स्कॉच बॉनेट मिरचीच्या सॉसची बाटली घेऊन आला. पाहुण्यांना देत नाही म्हणे ही. मी कोल्हापुरी माणसाच्या थाटात चमचाभर घेतली. त्यावर जास्त काही लिहीत नाही. तो पोरगा नंतर सांगत होता की त्याच्या आजीची आजी इंडियातून आलेली, ऊसाच्या मळ्यावर कामाला. १८४५च्या मे महिन्यात पहिलं जहाज आलं आणि पुढच्या सत्तरेक वर्षांत ३६ हजारांच्या आसपास माणसं तिकडून इकडे आणली गेली. त्यांना परतीच्या भाड्याचं कबूल केलेलं, पण बरेच जण इथंच राहिले. त्याला हिंदी एक अक्षर येत नव्हतं. "रोटी" म्हणाला, आणि जरा थांबून हळूच "गांजा". मी म्हणलं बाबा शब्द आमचाच आहे, पण नको.

बीचवर दोरीच्या पलीकडून पण हाच शब्द यायचा. पोहत-बिहत कुणीतरी दोरीपाशी यायचा, कुजबुजल्यासारखा "गांजा, मॉन?" आणि नवरा दर वेळी अगदी भाषाशास्त्रज्ञासारखा खूश व्हायचा.

त्याचा दिवस बारवर जायचा. पिण्यासाठी कमी, सरदेसाईसाठी जास्त. क्रिकेटर दिलीप सरदेसाई मडगावचा, आणि १९७१ला ह्याच बेटावर, किंग्स्टनला सबाइना पार्कवर त्याने २१२ काढले. हे मी लग्नाआधी पासून ऐकत आलेय. बारवाला पोरगा पंचविशीचा, त्याला फक्त ख्रिस गेल माहीत. तर ह्याने ऑलिव्हच्या बिया काउंटरवर मांडून त्याला समजावलं, की आपले ५ बाद ७५ होते, मग ही बी सरदेसाई आणि ही सोलकर, दोघांनी १३७ची पार्टनरशिप केली, पहिला दिवस पावसात वाहून गेलेला म्हणून फॉलोऑन द्यायला दोनशेऐवजी दीडशेची आघाडी पुरे, आणि आपला कॅप्टन वाडेकरने जाऊन त्यांच्या कॅप्टनला, सोबर्सला, सांगितलं, परत बॅटिंगला या. सोबर्सची बी त्याने बर्फाच्या ग्लासमागे ठेवलेली. पोरगा म्हणाला, "रिस्पेक्ट, बॉस," आणि बिया पुसून टाकल्या. ह्याला सबाइना पार्क बघायला जायचं होतं. जायला तीन तास, यायला तीन तास, टॅक्सीचे वेगळे, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशीचं इथलं दुपारचं जेवण बुडणार. मी नाही म्हणलं. हे जरा वाईटच केलं मी, आता वाटतं. तो काही बोलला नाही, नवीन ऑलिव्ह मागवले.

एक दिवस फाटकाबाहेर आंबे मिळाले. गाडीवाल्या बाईने नाव सांगितलं, बॉम्बे. मी म्हणलं काय? बॉम्बे मँगो. तिने आंब्याच्या कमरेभोवती सुरी फिरवली, दोन्ही हातांनी पीळ दिला आणि बाटलीचं झाकण निघावं तसे दोन अर्धे वेगळे, कोय एका बाजूला. बाजूला दुसरी रास होती, तिचं नाव नंबर इलेव्हन. १७८२ला इंग्रजांच्या आरमाराने एक फ्रेंच जहाज पकडलं, त्यात रोपं होती, प्रत्येकाला नंबरची चिठ्ठी. त्यातला अकरा नंबरचा आंबा इथं लागला आणि नंबर हेच त्याचं नाव झालं. वर्गात एखाद्याला जन्मभर हजेरी नंबरने हाक मारतात तसं. जर्सीत आम्ही हापूसच्या पेटीला जे मोजतो ते आठवून मी सहा आंबे उभ्या उभ्या खाल्ले. नवरा म्हणाला मानकुराद तो मानकुराद. मी म्हणलं गप खा.

चौथा दिवस. पहाटे पाच. अंधार. मी पहिली! बदामाखाली दोन टॉवेल, वर माझी छत्री, एक नवऱ्याची चप्पल. सातला नाश्त्याला गेले, माठ खाल्ला, आठला परत आले तर माझे टॉवेल घडी घालून बाजूला, छत्री त्यावर आडवी, आणि खुर्चीत निळी टोपी शब्दकोडं सोडवत बसलेली.

माझ्यातली एस्टी जागी झाली. "मॅडम, आय हॅव पुट टॉवेल!" तिने न बोलता पेनाने बोर्ड दाखवला. खुर्ची तीस मिनिटांपेक्षा जास्त अडवून ठेवल्यास टॉवेल उचलला जाईल. म्हणजे कायदाच तिच्या बाजूने, आणि हीच बाई काल क्लिपा लावत होती! आपल्याकडे अशा वेळी कंडक्टर निर्णय देतो. इथं एक बीचवरचा माणूस आला, दोघींकडे बघून "नो प्रॉब्लेम, लेडीज" म्हणाला आणि कुठून तरी तिसरी खुर्ची ओढत आणून दोघींच्या मध्ये घातली. त्यामुळे नवरा मध्ये झोपला आणि आम्ही दोघी दोन्हीकडून त्याच्यावरून एकमेकींकडे बघत बसलो. तो घोरत होता.

तासाभराने एक बदाम टपकन माझ्या पायाशी पडला. लालसर, पिकलेला. शाळेच्या ग्राउंडवर होतं ना झाड, मधल्या सुट्टीत आम्ही गर चोखून टाकायचो आणि बी वाळवून दगडाने फोडायचो. शोधून एक वाळकी बी काढली, दोन दगड काढले, उभी धरली, आडवी फोडली तर चेंदा होतो, आणि ठोकली. आतनं करंगळीएवढा पांढरा गर निघाला. निळी टोपी बघत होती. मी अर्धा तिला दिला. नाही म्हणजे, अर्धा देताना माझ्या मनात वसुलीचं काही नव्हतं. तिने वास घेतला, खाल्ला, आणि शब्दकोडं मिटून दगड मागितला. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी तिथं खलबत्ता मांडल्यासारखा आवाज केला, दोन जोडपी उठून लांब गेली, म्हणजे खुर्च्या पण मोकळ्या झाल्या. ती कॅनडातल्या विनिपेगची निघाली. गुडघे दुखतात, उद्या तरी पाचला उठवणार नाही, म्हणाली. मी म्हणलं तुम्ही झोपा, आमची गाडी साडेसहाला आहे, जाता जाता मी तुमच्यासाठी टाकते.

टाकले. पाचव्या दिवशी पाचला, दोन टॉवेल, चारही कडा ताणून, तिनेच दिलेल्या क्लिपा लावून. अशी सीट मी आयुष्यात कुणासाठी धरली नव्हती.

सव्वासहाला काउंटरवर बिल. सगळं इन्क्लुझिव्ह, म्हणून देणं शून्य असणार अशा ऐटीत मी उभी. पोरगी कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, दोन बीच टॉवेल परत आलेले नाहीत, पंचवीस पंचवीस, पन्नास डॉलर. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा तो पूर्ण जागा दिसत होता. मी बॅग टाकली आणि पळत सुटले, मागून हा ओरडतोय, "कित्याक धांवता गो!", बाहेर व्हॅनवाला चक्क वेळेवर येऊन हॉर्न देतोय.

बदामाखाली ती आलेली होती. एका टॉवेलवर पसरलेली, दुसऱ्यावर तिची पिशवी, शब्दकोडं आणि दोन दगड. टोपी तोंडावर. मी धापा टाकत म्हणलं, "एक्स्क्यूज मी," आणि पिशवीखालच्या टॉवेलचं टोक धरलं.

टोपी न हलवता आतून आवाज आला, "सॉरी. टेकन."