गॅदरिंगच्या आधी 'हात न थरथरण्याची गोळी' घेऊ नका: गिटारवाल्या फॉरवर्डला उत्तर

'नवीन गिटार शिकणाऱ्यांसाठी ५ नियम' असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मी बघून सोडून दिला होता, पण परवा बहिणीच्या मुलाने तोच मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, ही गोळी मेडिकलमध्ये अशीच मिळते का गं?" पोरगा अकरावीला आहे, कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्यांदाच मित्रांबरोबर वाजवणारे, आणि त्याला लहानपणापासून दमा आहे, सॅकमध्ये कायम पंप असतो. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

नियम असे आहेत. पहिली २ वर्षं कुणाबरोबरही वाजवायचं नाही, हात बिघडतो. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा, गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) म्हणजे चीटिंग. ३ कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर) गाणी स्टेजवर घ्यायची नाहीत, लोक हसतात. हात थरथरत असतील तर प्रोप्रॅनोलॉलची गोळी घ्यायची, 'मोठे कलाकार घेतातच, साइड इफेक्ट शून्य'. आणि गाणं झोपेतही वाजवता येईपर्यंत स्टेजवर पाय ठेवायचा नाही.

मी चौथ्यापासून सुरू करते कारण बाकीचे नियम नुसते चुकीचे आहेत, हा धोकादायक आहे. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर आहे, डॉक्टर ते बीपीसाठी, हृदयाच्या ठोक्यांसाठी वगैरे देतात. आपण घाबरलो की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छातीत धडधडतं, हात कापतात, आणि ही गोळी तो परिणाम अडवते. इथपर्यंत बरोबर. पण अ‍ॅड्रेनलिन पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर म्हणजे जागांवर बसून हे करतं, त्याच प्रकारचे रिसेप्टर श्वासनळ्यांतही असतात, ते अडले की दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पंपातलं साल्ब्युटामॉल नेमकं तिथेच काम करतं, म्हणजे अटॅक आला तर पंपही नीट लागू पडत नाही. दम्याच्या पेशंटला हे औषध देऊ नये, हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं! डायबिटीसवाल्यांची वेगळी भानगड, शुगर खाली गेल्यावर जी धडधड नि थरथर होऊन माणूस सावध होतो तीच दबून जाते. आणि हा म्हणतो साइड इफेक्ट शून्य. हे चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, १६-१७ वर्षांच्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर सांगायची गोष्ट नाही.

'मोठे कलाकार घेतात' यात अर्धं तथ्य आहे, मान्य करते. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला होता, २४ तंतुवाद्य वादकांवर, ऑक्सप्रेनोलॉल नावाच्या दुसऱ्या बीटा ब्लॉकरचा. घबराट कमी झाली आणि वादनही सुधारलं. पण तो डॉक्टरांनी केलेला प्रयोग होता, आणि त्या लोकांना वाजवता येत होतं. जी कॉर्डवरून सी कॉर्डला जाताना बोटं अडकतात ती गोळीने सुटत नाहीत. आणि एखाद्याला खरंच भीतीने काही सुचेनासं होत असेल तर त्याने डॉक्टरकडे जावं, गोळी द्यायची की नाही ते दमाबिमा विचारून डॉक्टर ठरवतील.

थरथरीवर साधे उपाय आहेत. सुरुवात नाजूक पिकिंगच्या (एकेक तार छेडायच्या) गाण्याने करू नका, थरथर तिथे लगेच दिसते, भरपूर स्ट्रमिंगचं (सगळ्या तारांवरून हात फिरवायचं) गाणं आधी घ्या. घरी पट्टा लावून उभं राहून वाजवा, कारण आपण शिकतो खुर्चीवर बसून आणि स्टेजवर उभं राहिलं की मनगटाचा कोनच बदलतो, मग पाठ असलेला कॉर्डसुद्धा सापडत नाही. आणि लाइटच्या उष्णतेने तारा उतरतात, त्यामुळे ट्यूनिंग ग्रीनरूममध्ये झालं असलं तरी वाजवायच्या अगदी आधी परत बघा.

आता २ वर्षं एकट्याने वाजवण्याबद्दल. हे कुठून आणलं कुणास ठाऊक. आपल्याकडे भजनी मंडळात नवीन पोरगं पहिल्याच दिवशी टाळ घेऊन मागे उभं राहतं, ढोल पथकात सराव सुरू होतो तोच सगळ्यांबरोबर, शास्त्रीय गाण्यात तर शिष्य गुरूच्या मागे तानपुरा घेऊन भर मैफलीत बसतो. एकट्याने वाजवताना कॉर्ड बदलायला जरा उशीर झाला तर आपण नकळत थांबतो, ते आपल्या लक्षातही येत नाही. तबला किंवा कहोन (ज्यावर बसून वाजवतात ते लाकडी खोकं) वाजवणारा थांबत नाही, तो पुढे जातो, आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं आपण कुठे लांबवतोय. कॉर्ड चुकला तर डावा हात नुसता तारांवर ठेवून उजवा चालू ठेवायचा आणि पुढच्या समेला परत यायचं, हे खोलीत बसून २ काय १० वर्षांत येणार नाही.

कॅपोचं तर काय बोलावं. गाणारी म्हणाली माझी पट्टी काळी एक, की मूळ कॉर्ड झाले सी शार्प, एफ शार्प, जी शार्प, सगळे बारे, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे. नवीन मुलाची बोटं दुसऱ्या कडव्यापर्यंत गळून जातात. चौथ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्ट्यांमधल्या चौथ्या घरात) कॅपो लावा आणि ए, डी, ई वाजवा, तेच सूर, सगळे ओपन कॉर्ड, म्हणजे काही तारा न दाबता मोकळ्या वाजणारे. स्पेनचे फ्लेमेंको गिटारवाले गायकाच्या पट्टीसाठी सर्रास कॅपो लावतात, त्यांना कोण चीटर म्हणतं?

३ कॉर्डच्या गाण्यावर लोक हसत नाहीत, सोबत गातात. विषय संपला.

पाचवा नियम मात्र पूर्ण खोटा नाही. कच्चं गाणं लोकांसमोर आणखी कच्चं होतं, हे खरंय. पण 'झोपेतही' वगैरे अट घातली तर पोरं आयुष्यभर तयारीच करत बसतील. २ गाणी घ्या, ती न थांबता पूर्ण वाजवता आली पाहिजेत एवढं पुरे. आणि ग्रुपमध्ये वाजवणार असाल तर कोण मोजून सुरू करणार आणि शेवटची ओळ किती वेळा घ्यायची हे आधी ठरवा, कारण पहिल्यांदा एकत्र वाजवणारी पोरं गडबडतात ती बहुतेक वेळा तिथेच, एक थांबतो आणि दुसरा पुढचं कडवं सुरू करतो.