फाट्यावरून घरी

डोकं फिरलंय आज. म्हणून लिहितेय, शुद्धलेखन काढत बसू नका.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले होते. चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या लेकीला दहावीला 86 टक्के, सगळ्यांनी फटाके टाकले, 'आमची वाघीण' वगैरे झालं. आणि आज दुपारी वहिनीचा फोन, एकदम हळू आवाजात, बहुतेक मागच्या दारी जाऊन बोलत होती. अकरावीचा फॉर्मच भरला नाही म्हणे. का? तर कॉलेज तालुक्याला, सायन्सचं प्रॅक्टिकल संपवून गाडी पकडून फाट्यावर उतरेपर्यंत थंडीत अंधार होतो, आणि फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. 'हे म्हणतात, राहू दे घरी, दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देईल, शिक्षण थोडंच बंद करतोय आपण.'

सतरा नंबर! ऐकलं आणि पोटात गोळा आला. कारण 25 वर्षांपूर्वी हेच वाक्य, हाच फाटा, फक्त बोलणारे माझे अण्णा होते.

साताऱ्यातल्या आमच्या माण तालुक्यात पाऊस पडत नाही असं सगळे म्हणतात, पण परतीचा आला की दोन तासांत ओढा काठ सोडतो. मी अकरावीत होते त्या वर्षी ओढ्यावरची फरशी वाहून गेली आणि गावात येणारी गाडी फाट्यावरूनच परत वळायला लागली. आम्ही पाच पोरी. आठ दिवस पाचही जणी घरात. नवव्या दिवशी समोरची नानी आमच्या ओसरीवर आली. एकटी बाई, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एक म्हैस, शाळेचं तोंड कधी बघितलेलं नाही. अण्णांना म्हणाली, "फाट्यावरनं मी आणती पोरी. तुला व्हत नसंल तर गप घरात बस."

आणि आणल्या. रोज. हातात बॅटरी, कनवटीला पाच चिंचोके. एकेक पोरगी गाडीतनं उतरली की एक चिंचोका या हातातून त्या हातात. एकदा एक उरला तर बाई हलेचना, गाडीसमोर उभी, आम्ही ओरडून सांगतोय की अगं ती आज मामाकडे राहिलीय, पण चारदा विचारून खात्री झाल्याशिवाय तिने गाडी सोडली नाही.

लोक एकमेकांना फाट्यावर मारतात, आम्हाला एका बाईने फाट्यावरून घरी आणलं.

तर हे सगळं मी ग्रुपवर काढलं. त्यावर पुण्यातल्याच एका काकांचा मेसेज, 'मुलींना सरकारनं सगळं फुकट केलंय, अजून काय पाहिजे?' वर हात जोडलेले.

हो काका, बारावीपर्यंत फी नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची इंजिनिअरिंग-मेडिकलची फीसुद्धा माफ. चांगलंच आहे, ही शेवटची माफी माझ्या वेळी असती तर आईच्या पाटल्या वाचल्या असत्या. पण हे सगळं येऊन थांबतं फाट्यावर. तिथून दारापर्यंत कुठला जीआर येतो सोबतीला?

3 जानेवारीला हेच काका सावित्रीबाईंचा फोटो लावतात. शेण मारणाऱ्यांची गोष्ट आपण सगळेच दरवर्षी शेअर करतो, पण जोतिबा-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं तेव्हा आपल्या घरात जागा देणारे उस्मान शेख कितीजणांना आठवतात? 1848 ला भिडेवाड्यात शाळा काढणारे मोठे होतेच हो, पण कुणीतरी दार उघडलं म्हणून ते पुढे चालू राहिलं ना.

आता फरशीच्या जागी चांगला पूल आहे. पण फाट्यावर ढाबा झालाय आणि संध्याकाळी पोरं गाड्या लावून उभी असतात. दादा म्हणतो, 'तुला काय कळतंय पुण्यात बसून, उद्या काही झालं तर?' मग त्या पोरांना बसवा की घरात! त्यांना द्या सतरा नंबर भरून! दरवेळी पोरींनीच का? (हे मी त्याला फोनवर जरा वाईट शब्दांत बोलले, त्याने फोन ठेवला.)

बरं, बापाची भीती खोटी नसते, एवढं मान्य. रात्री दहाला माझी लेक क्लासवरून यायची असली की मीही बाल्कनीत उभी असतेच. पण मग उभं राहायचंच आहे तर फाट्यावर जाऊन राहा ना. आमचे अण्णा दोन वर्षांत एकदाही आले नाहीत. लिहू की नको असं वाटत होतं, लिहिते.

बायका मात्र आल्या. महिनाभरात नानीला ताप आला तेव्हा भिशीतल्या बायकांनी वार वाटून घेतले, सोमवार हिचा, मंगळवार तिचा, डेअरीच्या भिंतीवर खडूने खुणा. फुकट नव्हतं हं. वाटेत बॅटरीच्या उजेडात आम्ही पोरींनी त्यांना डेअरीच्या स्लिपा वाचून दाखवायच्या, दुधाला फॅट किती लागली, पैसे किती झाले. एकीला कळलं की आपली फॅट दर आठवड्याला कमीच कशी काय लागते, आणि दुसऱ्या दिवशी तिने डेअरीवर जो काय तमाशा केला तो अजून गावात सांगतात.

आमच्याच तालुक्यात म्हसवडला बायकांनी बँकेचं लायसन मागितलं तेव्हा कागदावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा नाकारलं होतं. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या की व्याजाचं गणित घाला, आम्ही तोंडी करतो, तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू दे. 1997 ला माणदेशी बँक उभी राहिली. आमच्या नानीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, मग त्यात काय.

पाचातल्या चौघी बारावी झालो. पाचव्या पोरीचं परीक्षेआधीच फेब्रुवारीत लग्न लावलं, ते नानीलाही थांबवता आलं नाही. त्यानंतर ती चारच चिंचोके आणायची. त्यावर आम्ही कुणीच कधी काही बोललो नाही.

आता राग जरा उतरलाय. दादाचा मघाशी परत फोन आला, म्हणाला, 'रोज कोण आणणार ते सांग, मग भरतो फॉर्म, पुढची फेरी आहे अजून.' म्हटलं, ठरलं. वहिनीला गाठलं, तिने बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं. गावातल्या अजून तीन पोरी त्याच गाडीच्या निघाल्या, त्यातल्या दोघींचंही हेच चाललं होतं म्हणे.

सोमवार वहिनी. मंगळवार अंगणवाडीताई. बुधवारी आणि शनिवारी नानीची सून, तिने न विचारताच सांगितलं. शुक्रवारी दादा स्वतः, बघू किती दिवस टिकतो. गुरुवार अजून रिकामा आहे. आमच्या गावचं कुणी हे वाचत असेल तर आज रात्रीच वहिनीला फोन करा.