पी की सी?

सूत्रं पाठ असतात, भागाकार येतो, कॅल्क्युलेटरही हाताशी असतो. तरी ‘किती प्रकारे?’ असं विचारणारं गणित वाचून झालं की पेन अधांतरी थांबतं: पी (पर्म्युटेशन, म्हणजे क्रम धरून मोजणी) लावू की सी (कॉम्बिनेशन, म्हणजे क्रम न धरता नुसती निवड)? अशा वेळी मनातल्या मनात छापा-काटा करणारे पुष्कळ असतात. निम्म्या वेळा त्यांचं बरोबरही येतं, म्हणूनच ही खोड सुटत नाही.

‘निवडा’ दिसलं की सी आणि ‘रचना’ दिसलं की पी, हा तोडगा मला मुळीच मान्य नाही. दहा जणांतून तिघे निवडा: १२०. दहा जणांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार निवडा: ७२०. शब्द तोच, उत्तर सहापट! कारण त्याच तिघांना तीन खुर्च्या ३×२×१ म्हणजे ६ प्रकारे वाटता येतात. त्यामुळे एखादं उत्तर कागदावर मांडावं आणि त्यातल्या दोघांची अदलाबदल करून बघावी. भांडण होणार असेल तर पी. कुणाला पत्ताही लागणार नसेल तर सी.

तीन चकत्यांच्या आकडी कुलपाला ही कसोटी लावली की पी येतो, आणि तोही चुकतो. पी एकदा घेतलेला आकडा पुन्हा घेत नाही, आणि इथे ४-४-४ सुद्धा चालतं ना! १०×१०×१० = १०००; पी-सी दोघांनाही सुट्टी.

खरा घात करतं ते ‘किमान एक’. ५ पुरुष, ४ स्त्रिया. तिघांची समिती, किमान एक स्त्री हवी. पटकन सुचतं ते असं: चौघींतली एक आधीच बाजूला काढू, मग उरलेल्या आठांतून कुणीही दोघे. ४×२८ = ११२. झकास! फक्त नऊ जणांतून तिघांच्या एकूण समित्याच ८४ होतात. अट घातल्यावर समित्या वाढल्या, हे कौतुकच म्हणायचं. ‘आधी घेतलेली’ आणि ‘नंतर आलेली’ असा क्रम इथे मागल्या दारानं शिरला. दोन स्त्रियांची समिती दोनदा मोजली गेली, तिघींची तीनदा. सरळ ८४ मधून निव्वळ पुरुषांच्या १० वजा कराव्यात: ७४.

चौघांच्या दोन जोड्या करा म्हटल्यावरही हात आपोआप ६ लिहितो. कख-गघ, कग-खघ, कघ-खग; चौथी करून दाखवा! उत्तर ३. मात्र एका जोडीला लाल टोपी आणि दुसरीला निळी घातली, की ६ बरोबर. आणि टोप्यांचा उल्लेख नेमका प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत असतो.