रजेच्या फॉर्मवरचं बटण आणि कॅशे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया कडक आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की माझ्या सांगण्याप्रमाणे कॅशे (आउटलुक फॉर्मच्या प्रती कॉम्प्युटरवर साठवून ठेवतं ती जागा) साफ केली, आयटीवाल्यांनी आउटलुक रिइन्स्टॉलही करून दिलं, तरी आउटलुकमधल्या रजेच्या फॉर्मवरचं 'मंजूर' बटण दाबलं की काहीच होत नाही, मग असले उपाय सांगून लोकांचा वेळ का घालवता, आणि हे जुनाट फॉर्म एकदाचे बंद का करत नाही.

आधी बटणाचं बघू. कॅशेचा उपाय एका ठराविक तक्रारीसाठी आहे, म्हणजे फॉर्म उघडतच नाही किंवा नवा पब्लिश करूनही जुनाच दिसतो तेव्हा. तुमचा फॉर्म नीट उघडतोय, रकाने दिसतायत, फक्त बटण मेलंय, म्हणजे आतली स्क्रिप्ट, बटणामागचा छोटा प्रोग्राम, चालत नाहीये. रिइन्स्टॉलने त्यात फरक पडत नाही कारण स्क्रिप्ट चालू-बंद करायची सेटिंग रजिस्ट्रीत (विंडोज सेटिंग्ज साठवतं तिथे) असते, आणि फॉर्म तर मेलबॉक्समध्ये किंवा सर्व्हरवर असतो.

स्क्रिप्ट बंद पडायची दोन कारणं मला सगळ्यात जास्त दिसतात. एक, सप्टेंबर २०१७ च्या सिक्युरिटी अपडेटपासून आउटलुकने कस्टम, म्हणजे आपण बनवून घेतलेल्या, फॉर्ममधली स्क्रिप्ट डिफॉल्टने बंद केली, ती परत हवी असेल तर रजिस्ट्रीत आधी स्क्रिप्टला परवानगी आणि मग तुमच्या फॉर्मचं नाव विश्वासू यादीत, अशी दोन्ही कामं करावी लागतात, बरेच जण पहिलं करून थांबतात. हे काम आयटीकडूनच करून घ्या प्लीज, स्वतः रजिस्ट्रीत हात घालू नका. दुसरं कारण म्हणजे डिझाइन करताना प्रॉपर्टीज पेजवर 'सेंड फॉर्म डेफिनिशन विथ आयटम' ला टिक राहून जाते, मग अख्खा फॉर्म प्रत्येक मेलबरोबर चिकटून जातो आणि अशा फॉर्ममधली स्क्रिप्ट आउटलुक चालवतच नाही. टिक काढा, परत पब्लिश करा, आणि तेही ऑर्गनायझेशनल फॉर्म्स लायब्ररीत (अख्ख्या ऑफिसच्या सामाईक जागेत), कारण पर्सनलमध्ये ठेवला तर तो तुमच्याच मेलबॉक्सपुरता राहतो आणि साहेबांना साधा मेल दिसतो.

आता बंद करा म्हणालात त्याबद्दल. नवीन आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये हे फॉर्म चालत नाहीत, यातल्या स्क्रिप्ट ज्या भाषेत असतात ती व्हीबीस्क्रिप्ट मोडीत काढायचं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्येच सांगितलंय, त्यामुळे नवीन फॉर्म यात बनवा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण ज्या ऑफिसात वर्षानुवर्षांच्या रजा, इंडेंट, गेटपास याच फॉर्ममध्ये पडलेत तिथे फॉर्म काढून टाकला की जुने मेल उघडल्यावर ते रकाने दिसायचेच बंद होतात, आणि मग कुणाची किती रजा शिल्लक यावरून आस्थापनेतल्या बाईंनाच बोलणी खावी लागतात, ज्यांचा यात काडीचाही दोष नसतो. म्हणून आधी ती माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढा, मग खुशाल बंद करा, तोवर फॉर्म चालता ठेवणं हा वेळ घालवणं नाही असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही एवढं करा: इनबॉक्सच्या व्ह्यूमध्ये 'मेसेज क्लास' कॉलम (मेल कुठल्या फॉर्मचा ते दाखवणारा) लावा आणि रजेच्या मेलसमोर काय येतं ते इथेच लिहा. नुसतं आयपीएम.नोट (IPM.Note, साध्या मेलचा क्लास) असेल तर ती टिक आधी तपासा, पुढे तुमच्या फॉर्मचं नावही असेल तर आयटीला २०१७ च्या अपडेटचं सांगा. आणि हो, वर कोपऱ्यातला नवीन आउटलुकचा टॉगल चालू तर नाही ना, तेही बघा.