विशेष चिन्हे चालणार नाहीत

काल रात्री 11 वाजून 40 मिनिटं. बाराला मुदत संपणार. आणि सरकारी मसुद्यावर सूचना पाठवायचा ऑनलाइन फॉर्म लाल अक्षरांत, अर्थातच इंग्रजीत, सांगतोय की तुमच्या उत्तरात विशेष चिन्हे आहेत. मी स्वल्पविराम काढले. लाल. कंस काढले, टक्क्याचं चिन्ह काढलं. लाल. एक ओळ ठेवून बाकी सगळं खोडलं. लाल. शेवटी चिडून नुसता 'अ' टाकला. लाल! अहो, 'अ' हेच विशेष चिन्ह! अख्खी बाराखडीच विशेष! आणि मसुदा कशाचा, तर एआयने भारतीय भाषांना सामावून कसं घ्यावं याचा.

फॉर्ममधल्या 'तुम्ही कोण' या यादीत उद्योग, स्टार्टअप, वकील, शिक्षणसंस्था. भाषांतरं करून पोट भरणारी मी 'इतर'. वर सगळ्यांना मिळून 'स्टेकहोल्डर' म्हणायचं. या शब्दानेच माझं डोकं फिरतं.

डीपफेकच्या, म्हणजे एआयने बनवलेल्या खोट्या चित्रं-व्हिडिओंच्या, नियमांचा मसुदा आठवतोय ना? 22 ऑक्टोबर 2025, म्हणजे ऐन पाडवा! इकडे ओवाळणीचं ताट, तिकडे पीडीएफ. मुदत 6 नोव्हेंबर. मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवा, असं 2014 सालचं सरकारचंच धोरण सांगतं. मग उपकार केल्यासारखी 13 पर्यंत वाढ. भाषेचं तर बोलूच नका. 2020 साली प्रकल्पांच्या पर्यावरणावरील परिणामांच्या नियमांचा मसुदा 22 भाषांत आणा, हे सांगायला दिल्ली उच्च न्यायालय लागलं.

त्या डीपफेकच्या मसुद्यात 'हे एआयने बनवलंय' अशा लेबलाने चित्राची 10 टक्के जागा व्यापावी, असं होतं. त्याविरुद्ध मी फराळ सोडून दोन पानं लिहिली. फेब्रुवारी 2026 च्या अंतिम नियमांत ते 10 टक्के गायब. माझ्यामुळेच, असं मी घरी सांगते. बड्या कंपन्यांनाही ते नकोच होतं, हे सांगत नाही.

असो. काल 11:52 ला मुकाट्याने सगळं रोमन लिपीत बडवलं आणि पाठवून टाकलं. माझं मुख्य वाक्य होतं, 'कंपन्यांनी जबाबदारी टाळू नये.' रोमनमध्ये 'टाळू' आणि 'तळू' एकच, हे सबमिट दाबल्यावर लक्षात आलं. आता कुठल्याशा टेबलावर कुणीतरी वाचत बसेल की कंपन्यांनी जबाबदारी तळू नये. मग काय, वाफवावी?

पोच मात्र लगेच आली. 'डियर सर.'