मोपाजवळ घर घ्या, हप्ता भाड्यातून सुटेल? दाजींचं उत्तर

माझ्या मेव्हण्याला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. तो, त्याची बायको, सहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि गुडघे दुखणारी आई, असं सगळं बिऱ्हाड सांगलीहून गोव्यात हलायचंय. हाताशी पंधरा लाख आहेत, बाकी कर्ज. त्याने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दाजी, हे खरं का?" तोच मेसेज मला त्याआधी आमच्या इचलकरंजीच्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर आणि सोसायटीच्या ग्रुपवरही आला होता. थोडक्यात असा:

"गोव्यात स्वतःचं घर, परवडणाऱ्या भावात! मोपा विमानतळामुळे पेडणे तालुक्यात भाव दुप्पट होणार, आत्ताच घ्या. सनद झालेले प्लॉट, रेरा मंजूर फ्लॅट, कागदांची चिंता नको. सुट्टीत राहा, एरवी पर्यटकांना द्या, हप्ता भाड्यातून सुटेल. घर घेतलं की मुलांना गोव्याच्या रहिवाशांचे सगळे फायदे. फोंडा, डिचोली, कुडचडे ही खेडी, तिकडे पैसे अडकवू नका."

मी चौदा वर्षं फोंड्यात राहतो आणि कुंडईला कामाला जातो, त्यामुळे शेवटचं वाक्य मला जरा जास्तच लागलं हे आधीच कबूल करतो.

पहिला मुद्दा भावाचा. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्‌घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि पेडण्यातल्या जमिनीच्या भावाला त्याच्या आधीपासूनच पंख फुटले, हे खरंच आहे. पण मग ते घर परवडणारं कसं? विमानतळाचा भाव विकणाऱ्याने आधीच लावलाय. भाव वाढणार म्हणून घ्या आणि स्वस्त आहे म्हणून घ्या, या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगणारा माणूस घर विकत नसतो, लॉटरीचं तिकीट विकत असतो. राहायच्या घराचा भाव दुप्पट झाला तरी राहणाऱ्याच्या ताटात जास्तीची पोळी पडत नाही, कारण ते विकून तो जाणार कुठे?

आणि मेव्हण्याला रोज विमान पकडायचं नाही, वेर्ण्याला हजेरी लावायची आहे. पेडण्याहून वेर्ण्याला जायचं म्हणजे कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि कुठ्ठाळीला जुवारी, अशा तीन नद्या ओलांडायच्या. जुवारीचा नवा पूल झाल्यापासून तिथला जीवघेणा खोळंबा संपला, देवाची कृपा. पण पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामापायी लोकांनी जे भोगलंय ते बार्देशातल्या कुणालाही विचारा. फोंड्याहून वेर्ण्याला बोरीच्या पुलावरून एकच नदी लागते. तो पूल अरुंद आहे, त्यावर एखादा ट्रक बंद पडला की मीही शिव्या घालतो. तरी एक ती एक आणि तीन ते तीन.

आता कागद. इथे मी जरा रेंगाळणार, कारण गोव्यात घर घेताना बाहेरचा माणूस फसतो तो इथेच. सनद म्हणजे मालकीचा दाखला, असं आपल्याकडच्या लोकांना वाटतं. तसं नाही. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल कायद्याखाली शेतीची जमीन बिगरशेती वापरायला जी परवानगी मिळते, तिला सनद म्हणतात. या जागेवर घर बांधता येईल एवढंच ती सांगते. जागा कोणाची, हे ती सांगत नाही. त्यासाठी एक-चौदाचा उतारा बघायचा, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचा गोव्यातला भाऊ. त्यातही कब्जेदाराच्या रकान्यासोबत कुळाचा आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचायचा. मागे एखादं जुनं मातीचं घर असेल तर तिथे कोण राहतं ते विचारायचं. मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा, असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला हलवता येत नाही, उलट त्याला घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क आहे. पेडण्यात एकेका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, हाताखाली गावंच्या गावं होती, त्यामुळे कुळांचे आणि मुंडकारांचे खटले तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. दलाल म्हणणार, "भिवपाची गरज ना," म्हणजे घाबरायची गरज नाही. त्याला नसेलच.

माझंच सांगतो. फ्लॅटच्या आधी मी बांदोड्याला एक छोटं कौलारू घर जवळजवळ घेतलं होतं. चिऱ्याच्या भिंती, दारात बांय, म्हणजे विहीर, बांयला मे महिन्यातही पाणी. मालक सज्जन माणूस, म्हणाला, मी आणि धाकटा भाऊ सही करतो, झालं. वकीलबाईंनी उतारा बघितला, कोऱ्या कागदावर पेन्सिलीने मालकाच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली फांद्या काढायला घेतल्या. वडील गेलेले, आई हयात. मुलं चार, त्यातली तिघं लग्न झालेली. तिघांच्या नवऱ्या-बायकांची नावं त्यांनी शेजारी लिहिली आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. "आठ सह्या," म्हणाल्या. "तुमच्याकडे किती आहेत?"

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणून स्थावर विकताना जोडीदाराची सही लागते, नाव कागदावर असो वा नसो. आणि मूळ मालक वारला असेल तर वारस कोण कोण ते आधी रीतसर ठरावं लागतं, वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी होते, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटे पाडतात. आमच्या मालकाची एक बहीण इंग्लंडात स्विंडनला, तिचं आणि थोरल्याचं बोलणं बंद. मुखत्यारपत्र येणार येणार करत सात महिने गेले. बयाणा मी दिला नव्हता, ते वकीलबाईंमुळे. घर अजून तसंच आहे. त्या रस्त्याने गेलो की बांयकडे बघतो.

असे अर्धवट वारस हुडकून, कधी मेलेल्या माणसांच्या नावाने खोटे कागद करून जमिनी लाटायचे प्रकार गोव्यात इतके झाले की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. तेव्हा कागदांची चिंता नको, असं गोव्यात कोणी म्हणालं की मी पाकीट चाचपतो.

प्लॉटवाल्यांसाठी आणखी एक. जागा वस्तीच्या झोनमध्ये आहे म्हणाले तर, कधीपासून आहे, हा पुढचा प्रश्न. 'प्रादेशिक आराखडा २०२१' या सरकारी जमीनवापराच्या आराखड्यात ती जागा काय दाखवली आहे? पुढे नगरनियोजन कायद्यात १७(२) आणि ३९अ ही कलमं घालून बऱ्याच बागायती आणि शेतजमिनी वस्तीच्या झोनमध्ये आणल्या गेल्या, त्यावर लोक रस्त्यावर आले आणि कोर्टातही गेले. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ज्याला पोराबाळांसाठी छप्पर हवंय त्याने असल्या जागेच्या भानगडीत कशाला पडायचं? भातशेती स्वस्तात मिळतेय म्हणून तर बघूच नका. २०२३ च्या कायद्याने ती बिगरशेतकऱ्याला विकताच येत नाही. 'अविभाजित हिस्सा' म्हणून प्लॉट देणारेही भेटतात. त्यात तुमचा कोपरा कुठला हे कागदावर ठरलेलंच नसतं.

रेरा मंजूर. रेरा म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण. मंजुरी असणं चांगली गोष्ट आहे, नोंदणी क्रमांक घेऊन गोवा रेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. पण ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर त्या इमारतीला नोंदणी लागतच नाही, आणि गोव्यात अशा छोट्या इमारती वाड्यावाड्यावर आहेत. जिथे रेरा लागू आहे तिथे करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. हे वाक्य पाठ करून साइटवर जा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. गोव्यात जागा चौरस मीटरमध्ये सांगतात. ८५ मीटर म्हणजे कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) की सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटा धरून), ते तिथल्या तिथे लिहून घ्या. कार्पेट ९० मीटरच्या आत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी एक टक्का, नाहीतर पाच. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर शून्य. माझ्या मते मेव्हण्याने हे शून्यवालंच बघावं. पंचायतीची ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला हरकत नसल्याचा दाखला, मिळालेला, चार-पाच पावसाळे खाल्लेला फ्लॅट. भिंत कुठे गळते ते त्याला आधीच दिसेल.

हप्ता भाड्यातून सुटेल, याचा हिशोब वहीच्या मागच्या पानावर होतो. साठ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सुमारे ५२ हजार. पेडण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटचे बाराही महिने ५२ हजार देणारा भाडेकरू मला दाखवा, मी त्याला मंगेशीला नेऊन नारळ देतो. पर्यटकांना द्यायचं म्हणाल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी लागते, नुसता ॲपवर फोटो टाकून चालत नाही. वर सोसायटीची कटकट, चादरी-टॉवेल, किल्ली द्यायला माणूस. आणि जून ते सप्टेंबर?

त्या चार महिन्यांबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं. आमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पुण्याच्या एका कुटुंबाचा, किल्ली आमच्याकडे असते. एका जुलैत त्यांनी फोन करून कपाटातली फाईल मागितली. दार उघडलं तेव्हा आधी वास आला. कपाटात साहेबांचा कातडी पट्टा टांगलेला होता, त्यावर पोपटी मखमल उगवलेली. फाईल ओढली तर कव्हर हातात आलं आणि कागद फळीलाच चिकटून राहिले. सुट्टीतलं घर गोव्यात असं सांभाळावं लागतं. म्हणून मी सांगतो, घर दोनदा बघा. मे महिन्यात नळ बघायला, जुलैत भिंती बघायला. मे महिन्यात शेजाऱ्यांना टँकरचा नंबर पाठ आहे का, हे विचारलं की पाण्याचं सगळं कळतं. उत्तर गोव्यातल्या मोठ्या भागाचं पाणी तिळारीच्या कालव्यावर अवलंबून आहे आणि कालवा फुटला की नळ कोरडे पडतात. फोंड्याला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी. तेही कधीमधी दगा देतं, पण धरणाखालच्या कालव्याची भीती नाही.

रहिवाशांचे फायदे हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्यविमा योजनेसाठी पाच वर्षांचं वास्तव्य. खरेदीखत दाखवून यातलं काहीच मिळत नाही.

मुलांचं मात्र खरं कोडं आहे आणि मेसेजवाल्याला ते सुचलंही नाही. गोव्यात मराठी प्राथमिक शाळा गावोगावी आहेत, पण पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. दुसरीतला मुलगा मराठी शाळेत सहज रुळेल. सहावीतली मुलगी सांगलीत मराठी माध्यमात शिकलीय, तिच्यापुढे एकदम इंग्रजीतून विज्ञान येणार. तिची शाळा आधी ठरवा आणि त्या शाळेपासून चालत किंवा एका बसवर घर शोधा. आईसाठी बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी इस्पितळ, किती लांब, तेही बघा.

राहिली 'खेडी'. फोंडा, डिचोली, कुडचडे या तिन्ही नगरपालिका आहेत. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, फर्मागुढीला अभियांत्रिकी कॉलेज आहे, बाजारात भाजीवालीशी मराठीत भांडता येतं. दोषही सांगतो: रेल्वे नाही, मडगाव गाठावं लागतं, आणि तिस्कावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर तो योग समजावा. डिचोली आणि कुडचडे खाणींवर उभी राहिलेली गावं. मार्च २०१८ ला खाणी बंद झाल्या आणि बाजार थंडावला. आता त्या पुन्हा सुरू होताहेत, म्हणजे गिऱ्हाईकही परतेल आणि खनिजाचे ट्रकही. तिथे घर बघताना ट्रकांचा रस्ता कुठला ते चहाच्या टपरीवर विचारा. वेर्ण्यासाठी वास्को खरं तर जवळ, पण बंदराजवळच्या वाड्यांत खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवा, कोळशाची काळी पूड लागते. आईच्या छातीला ते सोसणार नाही.

मी मेव्हण्याला म्हटलं, अकरा महिने भाड्याने राहा, एक पावसाळा काढ, मग घे. त्याला ते पटलं नाही, नव्या माणसाला भाडं म्हणजे पाण्यात पैसे वाटतात. काल त्याचा फोन होता.

"दाजी, बोरीला एक बघितलाय. सहा वर्षं जुना, ऑक्युपन्सी आहे. मालक पेन्शनर, एकटेच सही करणार, काही लफडं नाही."

"लग्न झालंय का त्यांचं?"

"हो की. काकूंनीच चहा दिला."

"मग परत जा," मी म्हटलं, "आणि या वेळी काकूंशी बोल."