विमा आहे, मग दोर कशाला?

परवा शेजाऱ्याचा मेसेज आला. शेजारी म्हणजे घराशेजारचा नव्हे, धक्क्यावरचा. माझ्या बोटीला लागून त्याची बोट असते. तो स्वतः बाराशे मैल उत्तरेला राहतो आणि वर्षातून एकदा, मार्चमध्ये, उन्हाला येतो. मेसेज असा: "मेक्सिकोच्या आखातात वादळ शिजतंय म्हणे. तू जवळच राहतोस, माझ्या बोटीवर जरा नजर टाकशील का?" आणि पुढे हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ नजर टाकली. मग म्हटलं, या माणसाकडून शिकण्यासारखं खूप आहे. फ्लोरिडातल्या टँपा बे या खाडीच्या काठावर बोट ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम आहे, दर वर्षी त्याच तारखांना येतो, तरीही तो आपल्याला अचानक गाठतो. तेव्हा नवीन बोटवाल्यांनो, ऐका.

सगळ्यात आधी तो शंकू बघायला शिका. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर वादळाच्या नकाशावर जो शंकू काढतं, त्यात आपलं गाव नसेल तर झोपून जा. शंकू फक्त वादळाच्या मध्यबिंदूची संभाव्य वाट दाखवतो, तो मध्यबिंदूही तिनातून एकदा शंकूबाहेर जातो, आणि वारा किती लांब पोचेल, पाणी किती चढेल हे त्यात मुळीच नसतं, असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरू नका. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ आमच्यापासून शंभरेक मैल लांबून गेलं आणि पार वर पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं. म्हणजे आमच्याकडे आलंच नाही. फक्त टँपा बेत पाणी सहा-सात फूट चढलं, आजवर कधी मोजलं नव्हतं इतकं. धक्का पाण्याखाली गेला. पण आलं नाही ते आलंच नाही.

वॉच, म्हणजे वादळाची पूर्वसूचना, लागला की ४८ तास हातात आहेत आणि वॉर्निंग, म्हणजे पक्का इशारा, लागली की ३६, असा हिशोब ठेवा. हे तास वादळ पोचेपर्यंतचे नसतात, ज्या वाऱ्यात धक्क्यावर उभं राहता येत नाही तो वारा सुरू होईपर्यंतचे असतात, हे ऐनवेळी कळण्यात वेगळीच मजा आहे. बोट उचलून जमिनीवर ठेवणाऱ्या क्रेनवाल्याला फोनही तेव्हाच करा. तो तुमची वाटच बघत बसलेला असतो.

विमा वादळाला नाव पडल्यावर घ्यावा. कंपन्या तेव्हा नवीन पॉलिसी देणंच बंद करतात, त्यामुळे प्रीमियम वाचतो.

बोट मोठी असेल तर काहीच करू नका. २०२२ च्या इयान वादळात फोर्ट मायर्स बीचजवळ कोळंबीच्या अवजड बोटी एकमेकींवर चढून जमिनीवर जाऊन बसल्या होत्या. त्याही मोठ्याच होत्या.

आता दोर. दोर एकच बांधावा, आणि तो आखूड बांधावा. बोट कशी शिस्तीत उभी दिसते, फोटोही छान येतो. लांब दोर, दुहेरी दोर, लांबच्या खांबापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दोर, हे सगळं रिकामटेकड्यांचं काम. दोर कडेला घासतो तिथे जुना पाण्याचा पाइप कापून चढवणं हे तर वेडेपणाचं लक्षण. आमच्या धक्क्याने हा प्रयोग तेरा दिवसांत दोनदा करून दाखवला. हेलीनमध्ये पाणी वर गेलं, तेव्हा आखूड दोरवाल्या बोटी वर येऊ शकल्या नाहीत. कुणाची क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी, मुळासकट उपटली, कुणाची बोट खांबावरच बसली. मग ९ ऑक्टोबरला दुसरं वादळ, मिल्टन, आमच्या दक्षिणेला, सिएस्टा की बेटावर चढलं आणि खाडीतलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. तेव्हा उरलेल्या आखूड दोरवाल्या बोटी धुणं वाळत घातल्यासारख्या लटकल्या. वर जाणारं पाणी आणि खाली जाणारं पाणी, दोन्हींना एकच उत्तर होतं: लांब दोर. पण आपल्याला उत्तराशी काय करायचंय? आपल्याकडे पॉलिसी आहे.

आता शिडाबद्दल. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण हा माझ्या शेजाऱ्याचा खास विषय.

पुढचं शीड तारेवर गुंडाळून ठेवायची सोय असते. गुंडाळलं की झालं, असं शेजारी मानतो. ते काढून, घडी करून आत ठेवायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो. अर्धा तास! एवढा वेळ कुणाकडे आहे? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणजे गुंडाळीचं एक टोक सुटलं की हां हां म्हणता अख्खं शीड उघडतं आणि मग ती बांधलेली बोट राहत नाही, ती निघालेली बोट असते. शेजाऱ्याची निघाली. पाणी चढलेलं, आखूड दोराने क्लीट उपटलेली, शीड फाटत फाटत उघडलेलं, आणि त्याची ३४ फुटी बोट माझ्या २७ फुटीवर येऊन चढली. एकदा नाही. रात्रभर. सकाळी माझी बोट जागच्या जागी बुडालेली होती. माझे आठही दोर मात्र शाबूत होते. एकही तुटला नव्हता. हे मी विमा कंपनीला सांगितलं, तर पलीकडची बाई म्हणाली, "छान."

म्हणून पुढचा सल्ला: फॉर्म नीट भरा. विमा कंपनी दर वर्षी विचारते, वादळ आलं तर तुमची योजना काय? शेजाऱ्याने लिहिलं होतं: सर्व शिडं उतरवणार, दोर दुप्पट करणार, ताडपत्र्या काढणार, स्थानिक व्यक्ती देखरेख करणार. ही योजना त्यानेच मला मोठ्या अभिमानाने दाखवली आहे. स्थानिक व्यक्ती कोण हे मला परवाच्या मेसेजवरून कळलं.

आणि फोटो काढा. दोर बांधू नका, फोटो काढा. मी तीन दिवस पावसात दोर बांधत होतो, शीड उतरवत होतो, हॅच चिकटपट्टीने बंद करत होतो. दोन्ही हात कामात, त्यामुळे फोटो नाहीत. कंपनीने विचारलं, "पुरावा?" मी म्हटलं, "दोर अजून तिथेच आहेत, या आणि बघा." त्यांनी टिपून घेतलं: पुरावा उपलब्ध नाही. शेजाऱ्याकडे मार्चमधले चोवीस फोटो होते. लख्ख ऊन, बोट चकचकीत, हातात थंडगार पेला.

वादळात बोटीवरच थांबायचंही काहीजण ठरवतात. याची थट्टा मला जमत नाही. थांबू नका. उतरा आणि घरी जा, आणि घर सखल भागात असेल तर तिथूनही निघा.

मरीनावाल्याशी, म्हणजे धक्क्याच्या मालकाशी, हुज्जत घालायला मात्र विसरू नका. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे वॉच लागल्यावर मरीना तुम्हाला बोट हलवायची सक्ती करू शकत नाही, कारण माणसाचा जीव मालमत्तेआधी येतो. कायदा शहाणा आहे. शेजाऱ्याने त्याचा अर्थ 'मला काहीच करायची गरज नाही' असा लावला.

आता मुख्य उत्सव, म्हणजे क्लेम.

बुडालेल्या बोटीचं इंजिन वर काढलं की लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, तेल बदलायचं, पुन्हा बदलायचं आणि जमलं तर चालवायचं. तासातासाला गंज आत शिरतो. हे प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे, माझ्या पॉलिसीलाही माहीत आहे. तिच्यात लिहिलंय की पुढचं नुकसान टाळण्यासाठी मालकाने वाजवी उपाय केले पाहिजेत. मी विचारलं, "मग करू?" फोनवरचा म्हणाला, "नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघेपर्यंत कशालाही हात लावू नका." मी म्हटलं, पॉलिसीत तर असं असं आहे. तो म्हणाला, हो, तेही बरोबर आहे. मी म्हटलं, मग नक्की करू काय? तो म्हणाला, वाजवी ते करा. "वाजवी म्हणजे धुऊ?" "मी तसं सांगू शकत नाही." "म्हणजे नको धुऊ?" "मी तसंही सांगू शकत नाही." हे संभाषण तीन वेळा झालं, तीन वेगळ्या माणसांशी, आणि प्रत्येक वेळी आधी फोन होल्डवर आणि चाळीस मिनिटं तीच सनई. सर्व्हेअर येणार होता ८ ऑक्टोबरला. पण ७ तारखेला मिल्टन आखातात पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीला पोचलं होतं, ८ ला अर्धं टँपा बे गाड्यांमध्ये बसून रस्त्यावर होतं, सर्व्हेअरही. तो आला मिल्टननंतर, इंजिन लाल झाल्यावर. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "यातलं हेलीनचं कोणतं आणि मिल्टनचं कोणतं?"

मी त्याला म्हटलं, अहो, दोन्ही नावं आता जागतिक हवामान संघटनाच काढून टाकेल, एवढी वाईट वादळं आहेत, तुम्ही कशाला वेगळी करता? (नंतर खरंच काढली.) तो हसला नाही. दोन वादळं म्हणजे दोन घटना, दोन क्लेम आणि दोन वेळा डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. आणि नाव पडलेल्या वादळाचं डिडक्टिबल नुकसानीवर नसतं, विम्याच्या पूर्ण रकमेवर असतं. माझ्या पॉलिसीत ते दहा टक्के. बोट वीस हजार डॉलरची. म्हणजे दोन हजार गेले, आणि मग आणखी दोन हजार गेले. शिडं, ताडपत्र्या यांचा घसारा वजा. इंजिन? पत्रात एक ओळ: गंज, पॉलिसीत समाविष्ट नाही.

आणि शेजाऱ्याचा विमा? त्याची बोट माझ्यावर चढली, तर त्याच्या कंपनीने माझं भरून द्यावं, असं मला बापड्याला वाटलं. त्यांचं उत्तर आलं की वादळ ही दैवी आपत्ती आहे, त्यात मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. देवाची करणी आणि बोटीत पाणी. देवाने येऊन शीड उतरवलं नाही, देवाने तो एकुलता एक दोर आखूड बांधला, देव मार्चनंतर फिरकलाच नाही. मी कोर्टात जायचा विचार केला, मग वकिलाच्या फीचा केला.

शेजाऱ्याची बोट मात्र 'पूर्ण नुकसान' ठरली. ठरलेली किंमत, पूर्ण, एका चेकमध्ये. नशीब एकेकाचं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण या वसंतात त्याच जागेवर त्याची नवी बोट आली. ३६ फुटी. दोन फूट मोठी, म्हणजे आता माझ्यावर जास्त चांगली बसेल. पुढचं शीड तारेवर गुंडाळलेलं. दोर दोन, दोन्ही अर्ध्या इंचाचे, एक उन्हाने पांढरा पडलेला. बहुतेक जुन्या बोटीवरून वाचलेला तो एकमेव ऐवज असावा.

आणि वर मेसेज. नजर टाकशील का.

अरे, कसली नजर टाकू? नजरेने बोट थांबते का? तू पैसे भरलेस म्हणजे काम झालं असं तुला कुणी सांगितलं? विमा तुझे पैसे परत देतो, माझी बोट नाही. मोकाट सुटलेली बोट कुणाच्या अंगावर जाईल हे ती मालकाला विचारत नाही. तुझ्या पलीकडे जो म्हातारा त्याच्या बोटीतच राहतो, त्याचं घर आहे ते. घर! तुझ्यासाठी तो मार्चमधला आठवडा आहे. हेलीनच्या दुसऱ्या दिवशी तो गुडघाभर चिखलात उभा राहून स्वतःचे कपडे शोधत होता, आणि तू फोन करून विचारलंस की क्लेमसाठी कोणता नंबर. विमान पकडून एक दिवस ये. एक दिवस. शीड उतरव, ताडपत्री काढ, बॅटऱ्या भर, कारण धक्क्याची वीज जाते आणि मग पंप बॅटरीवरच चालतो. यायला जमत नसेल तर जून लागायच्या आधी बोट उचलून जमिनीवर ठेव आणि जमिनीला पट्ट्यांनी आवळ. तेही जमत नसेल तर पैसे देऊन माणूस ठेव. खरा माणूस, फॉर्ममधली 'स्थानिक व्यक्ती' नव्हे. यातलं काहीच करायचं नसेल तर बोट विकून टाक, मार्चमध्ये भाड्याने घे.

मी आज दुपारी जाऊन दोर आणलेत. पाऊण इंचाचे नायलॉनचे, सहा, आणि घासू नये म्हणून पाइपचे तुकडे. तुझ्या बोटीसाठी. उद्या सकाळी पुतण्याला घेऊन शीडही उतरवतोय. तुझ्यावर उपकार म्हणून नाही, वारा दक्षिणेकडून आला की तुझी बोट माझ्याच बाजूला येते म्हणून. पावती सोबत पाठवतोय, दोघांच्या मजुरीसकट. आधीच सांगतो, क्लेममध्ये ती बसत नाही, मी विचारून घेतलंय. चाळीस मिनिटं सनई ऐकून.